किल्लारी भूकंपानंतरची घरबांधणी आणि स्वयंसेवी श्रमाचा प्रश्न

परक्या माणसाने दुसऱ्याच्या घराची भिंत उचलण्यास आपण होऊन हात लावावा, ही कल्पना मराठवाड्यास सर्वस्वी नवी नव्हती. ज्याला ग्रामीण भाषेत इर्जिक म्हणतात, त्या प्रथेत एकाच्या शेतावर गावातील अनेकांनी आपापली अवजारे व बैल घेऊन जावे, दिवसभराचे काम उरकावे आणि यजमानाने त्यांना जेवू घालावे, असा संकेत असे. सावड हा तिचाच अधिक काटेकोर प्रकार होय. त्यात आज दिलेला श्रम उद्या परत मिळावयाचा असतो व त्याचा हिशेब कोणी लिहून न ठेवताही चुकत नाही. शेतीच्या संदर्भात या प्रथांची नोंद अनेकांनी केली आहे. घरबांधणीच्या संदर्भात मात्र त्यांचा विचार फारसा झालेला नाही. वस्तुतः जड तुळई खांबांवर चढविणे किंवा माळवदावर माती टाकणे ही कामे एका कुटुंबाच्या मनुष्यबळाने होण्याजोगी नव्हेत. सुतार व गवंडी आपल्या कसबाचे मोल घेत, परंतु शेजाऱ्यांच्या हातांचे मोल पैशांत होत नसे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमेवर जो भूकंप झाला, त्याने ही व्यवस्था घरांसह जमीनदोस्त केली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन आटोपून लोक उशिरा निजले होते. औसा तालुक्यातील किल्लारी, तळणी, मंगरूळ आणि उमरगा तालुक्यातील सास्तूर, राजेगाव, होळी इत्यादी गावे काही क्षणांत ढिगाऱ्यांखाली गेली. मृतांचा शासकीय आकडा ७,९२८ असा आहे. इतर अंदाज दहा हजारांच्या जवळ जातात. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान मोजली गेली. अशा तीव्रतेच्या भूकंपात इतकी प्राणहानी होण्याचे कारण जमिनीपेक्षा अधिक घरांतच शोधावे लागते.

त्या घरांची रचना ध्यानी घेतल्यावाचून पुढील इतिहासाचा उलगडा होणार नाही. या भागातील घर म्हणजे काळ्या दगडाच्या, चिखलात रचलेल्या, दोन ते तीन फूट जाडीच्या भिंती व वर मातीचे माळवद. भिंतीचा बाहेरचा आणि आतला असे दोन पदर स्वतंत्रपणे रचीत आणि मधल्या पोकळीत दगडगोटे व माती भरीत. या दोन पदरांना एकत्र बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुधा कोठेच नसे. वर लाकडी खांब व तुळयांचे खण, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला आणि शेवटी मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी माळवद गळू नये म्हणून नव्या मातीचा हात फिरविण्याची रीत होती. त्यामुळे पिढ्यानुपिढ्या छपराचे ओझे वाढत गेले. उन्हाळ्यात हे घर थंड राही आणि जाड भिंतींमुळे ते भक्कम आहे असा विश्वासही वाटे. भूकंपात भिंतींचे दोन पदर एकमेकांपासून सुटले आणि दगडमातीची रास निजलेल्या माणसांवर कोसळली. अनेक ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभाच राहिला आणि भोवतालच्या भिंती मात्र नाहीशा झाल्या, हे दृश्य त्या वेळच्या पाहणीकारांनी आवर्जून नोंदविले आहे. दख्खनचे पठार स्थिर आहे, अशी भूवैज्ञानिकांचीही तोवर समजूत होती. भूकंपप्रवणतेच्या तत्कालीन नकाशात हा प्रदेश सर्वांत सौम्य अशा पहिल्या विभागात होता. २००२ मध्ये नकाशा सुधारला गेला तेव्हा हा परिसर तिसऱ्या विभागात आला. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा अनुभव जमेस असूनही मराठवाड्यातील गवंड्यापर्यंत त्यातून काही पोचले नव्हते. १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारीच्या परिसरात लहान धक्क्यांची मालिका होऊन गेली होती. तिनेही घरांच्या रचनेत काही पालट घडविला नाही.

भूकंपानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात जे स्वयंसेवक आले, त्यांच्या कार्याविषयी मतभेदास जागा नाही. सैन्याच्या तुकड्या, शासकीय कर्मचारी, निरनिराळ्या विचारांच्या संघटनांचे कार्यकर्ते आणि मराठवाड्यातील महाविद्यालयांचे विद्यार्थी ढिगारे उपसण्याच्या कामी लागले. हे विद्यार्थी त्या वेळी मराठवाडा विद्यापीठाचे होते. जानेवारी १९९४ मध्ये त्या विद्यापीठाचा नामविस्तार झाला व १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन होऊन लातूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. म्हणजे या विद्यापीठाचे पहिले वर्ष आणि भूकंपग्रस्तांचे पत्र्याच्या निवाऱ्यांतील वर्ष एकच होते. पावसाने त्या दिवसांत कामात मोठे विघ्न आणले. प्रेतांच्या सामुदायिक दहनासाठी पडलेल्या घरांचीच लाकडे वापरावी लागली. बघ्यांच्या गर्दीने रस्ते तुंबले, अशीही नोंद आहे. सहाय्यक कोण आणि बघ्या कोण, हे ओळखणे तेव्हा नेहमीच सोपे नव्हते. दगड उचलावयास आलेल्यांपैकी काही जण दगड न उचलता परतले आणि नुसते पाहावयास आलेल्यांपैकी काही जण महिनाभर राहिले.

परंतु ढिगारा उपसणे आणि घर बांधणे ही दोन भिन्न कामे आहेत. पहिल्यास हात लागतात. दुसऱ्यास हातांबरोबर वेळ, कसब, पैसा आणि निर्णयाचा अधिकार लागतो. प्रस्तुत विवेचनाचा विषय हे दुसरे काम होय.

घर बांधण्यासाठी आपण होऊन परमुलखात जावे, या आधुनिक कल्पनेचा एक उगम पहिल्या महायुद्धानंतरच्या युरोपात आहे. पिएर सेरेसोल या स्विस अभियंत्याने १९२० मध्ये व्हर्दूनजवळील एस्न या उद्ध्वस्त खेड्यात निरनिराळ्या राष्ट्रांचे मोजके स्वयंसेवक नेले. त्यांत जर्मनही होते. जर्मनांच्या हातून फ्रेंच खेडे उभे राहावे, हे तेथील वातावरणास त्या वेळी मानवले नाही आणि तुकडीस अल्पावधीतच तेथून निघावे लागले. तथापि त्यातूनच आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी श्रमाची एक चळवळ उभी राहिली. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर सेरेसोल व त्याचे सहकारी भारतात आले आणि राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखालील साहाय्य समितीशी सहकार्य करून मुझफ्फरपूरच्या परिसरात खेडी नव्याने वसविण्याच्या कामात १९३७ पर्यंत राहिले. युरोपातून आलेल्या माणसाने बिहारात कुदळ चालविण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न तेव्हाही उपस्थित होण्याजोगा होता. जेथे मजूर हवे तितके मिळतात व त्यांना कामच मिळत नाही, तेथे समुद्रापलीकडून मजूर आणण्यात आर्थिक शहाणपण नाही, हे उघड आहे. सेरेसोलची भूमिका मुळातच आर्थिक नव्हती. परस्परांचे शत्रुत्व किंवा परकेपण श्रमाच्या सान्निध्यात विरघळावे, हा त्याचा हेतू होता. घर हे त्या हेतूचे साधन होते. येथे एक अडचण आहे. घराचा धनी घराकडे साध्य म्हणून पाहतो, आणि स्वयंसेवक त्याच घराकडे साधन म्हणून पाहतो.

महाराष्ट्रात या परंपरेचा पहिला ठसठशीत स्पर्श वरोड्याजवळील आनंदवनास झाला. १९५० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात याच चळवळीतील निरनिराळ्या देशांचे तरुण बाबा आमटे यांच्या या वसाहतीत येऊन राहिले व त्यांनी तेथील आरंभीच्या पक्क्या इमारतींच्या बांधकामात भाग घेतला. कुष्ठरोग्यांच्या वस्तीपासून आसपासचा समाज दूर राहत असता परदेशी तरुणांनी तेथे विटा वाहाव्यात, याचा परिणाम विटांच्या संख्येने मोजता येणार नाही. पुढे १९६७ मध्ये सोमनाथ येथे श्रमसंस्कार छावणी सुरू झाली आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयीन तरुणांच्या कित्येक पिढ्या तिच्यातून गेल्या. राष्ट्र सेवा दलाची श्रमदानाची परंपरा, भूदानोत्तर काळातील ग्रामसेवेचे वातावरण आणि १९६९ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना यांचाही या संदर्भात उल्लेख केला पाहिजे. १९९३ मध्ये किल्लारीकडे निघालेल्या विद्यार्थ्यांच्या मनात श्रमदान या शब्दाचा जो अर्थ होता, तो या संस्कारांतून घडलेला होता.

नांदेडच्या संदर्भात आणखी एका परंपरेची दखल घ्यावयास हवी. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी जेथे देह ठेवला, त्या स्थानी महाराजा रणजितसिंगांच्या द्रव्याने १८३२ ते १८३७ या काळात सचखंड हुजूर साहिबची वास्तू उभी राहिली. शिखांच्या कारसेवेत श्रीमंत व दरिद्री एकाच ओळीत उभे राहून घमेली पुढे देतात आणि त्या श्रमाचा मोबदला मागितला जात नाही. कारसेवेतून उभी राहणारी वास्तू मात्र सर्वांची असते. तिथे देणारा आणि घेणारा असा भेद उत्पन्न होत नाही, कारण तेथे घर एकट्याचे नाही. दुसऱ्याच्या खासगी घरासाठी दिलेल्या श्रमाचा गुंता या परंपरेस सोडवावाच लागला नाही.

मराठवाड्यातील शेतकरी व शेतमजूर हा मातीकामास अनभिज्ञ नव्हता, हेही येथे सांगणे अवश्य आहे. १९७२ च्या दुष्काळात या भागातील लक्षावधी स्त्रीपुरुषांनी खडी फोडली, बांध घातले, रस्ते व तलाव खोदले. १९७७ च्या कायद्याने रोजगार हमीस वैधानिक रूप मिळाल्यावर हे काम अनेक कुटुंबांच्या वार्षिक जीवनक्रमाचाच भाग बनले. ज्या बाईने दुष्काळात दिवसागणिक खडीचे ढीग मोजून दिले, तिला शहरातून आलेल्या तरुणाने पाटी उचलण्याचे महत्त्व पटवावे, यात थोडा विनोद आहे. तिला उणीव होती ती हातांची नव्हे. सिमेंट, लोखंड, त्यांचा उपयोग जाणणारा गवंडी आणि आपले घर कसे असावे हे सांगण्याची संधी, या गोष्टींची तिला उणीव होती.

भूकंपानंतर राज्य शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने जो पुनर्वसन कार्यक्रम १९९४ पासून राबविला, त्यात बाधित गावांची तीन वर्गांत विभागणी झाली. ‘अ’ वर्गातील ५२ गावे सर्वस्वी नव्या जागी वसवावयाची होती. त्यांतील कुटुंबे सुमारे २८ हजार होती. ‘ब’ वर्गातील २२ गावे त्याच ठिकाणी वा नजीक पुन्हा बांधावयाची होती. ‘क’ वर्गात तेरा जिल्ह्यांतील सुमारे दोन लाख घरे येत होती. त्यांची दुरुस्ती व बळकटीकरण मालकाने स्वतः करावयाचे व शासनाने त्यास हप्त्याहप्त्याने पैसे व साहित्य द्यावयाचे, अशी योजना होती. ‘अ’ वर्गातील घराचे आकारमान जमीनधारणेवर ठरले. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास ४०० आणि त्याहून मोठ्या खातेदारास ७५० चौरस फूट. जुन्या गावात वाडा मोठा व झोपडी लहान होती, हे खरे. परंतु तो भेद इतिहासाने निर्माण केलेला होता. नव्या गावात तोच भेद शासकीय कोष्टकाने मोजून दिला. भूकंपाने ज्यांची सर्व घरे सारखी पाडली होती, त्यांना पुन्हा पायरीपायरीने उभे करण्याचा हा प्रकार होता. शेतीची अवजारे, धान्य व गुरे यांना मोठ्या खातेदाराकडे अधिक जागा लागते, असे त्याचे समर्थन केले जाते व ते अगदीच निराधार नाही. तरी भूमिहीनाच्या घरी माणसे कमी असतात, असे कोणी दाखवून दिलेले नाही.

‘अ’ वर्गातील कित्येक गावे उद्योगसमूह, धर्मादाय न्यास, धार्मिक संस्था, वृत्तपत्रे आणि इतर राज्यांच्या संस्था यांनी बांधून देण्याचे अंगावर घेतले. त्यासाठी ‘दत्तक’ हा शब्द रूढ झाला. गाव दत्तक घेतले, असे तेव्हा सर्रास लिहिले व बोलले जाई. हा शब्द विचार करण्याजोगा आहे. दत्तक घेतलेल्या मुलाचे कुलनाम बदलते, आणि घेणारा कोण हे ठरविताना मुलास विचारण्याची रीत नाही. काही नव्या गावांच्या प्रवेशद्वाराशी दात्यांच्या नावाच्या कमानी व कोनशिला उभ्या राहिल्या. घरे बहुधा कंत्राटदारांनी बांधली. नगररचनाकारांनी कागदावर सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते आणि एकासारख्या एक घरांच्या रांगा, असे त्यांचे रूप होते. जुन्या गावातील भावकीचे वाडे, गल्ल्या, ओसरीवरची बैठक, परसातील गोठा यांना त्या आखणीत जागा नव्हती. घराघरांतील अंतर वाढले, गावठाणाचा विस्तार जुन्याच्या कितीतरी पट झाला आणि त्यासाठी पिकाखालची जमीन गेली. पाहणी करणाऱ्या अभ्यासकांनी या उणिवा पुढील दशकात सविस्तर दाखवून दिल्या आहेत. त्याच वेळी हेही नाकारता येत नाही, की दगडमातीच्या भिंतीखाली घरातील माणसे गमावलेल्या लोकांना दगडाचे नावदेखील नको होते. सिमेंटचे घर त्यांनी मागितले आणि ते त्यांना मिळाले. दगड आपल्यावर उलटला, ही भावना तंत्रज्ञांच्या कोणत्याही स्पष्टीकरणाने जाण्यासारखी नव्हती.

या सर्व खटाटोपात स्वयंसेवकाच्या हातांना काय काम उरले? मोठ्या प्रमाणावरील कंत्राटी बांधकामात त्यांची आवश्यकता फारशी नव्हती. पंधरा दिवसांकरिता आलेल्या विद्यार्थ्याने रचलेली विटांची ओळ गवंड्यास पुष्कळदा उकलून पुन्हा रचावी लागते, हे बांधकामाच्या जागी राहिलेल्या कोणासही ठाऊक असते. म्हणून स्वयंसेवक अनेक ठिकाणी पाया खणणे, विटा वाहाणे, पाणी मारणे अशा कामांकडे वळविले गेले. स्थानिक मजूर ही कामे रोजावर करावयास तयारच होता. फुकट श्रमाने त्याचा रोज बुडत असेल, तर त्या श्रमास दान म्हणावे की नाही, हा प्रश्न श्रमदानाच्या पुरस्कर्त्यांनी टाळू नये. काही संस्थांनी तो टाळला नाही आणि आपले कार्यकर्ते बांधकामाऐवजी इतर कामी लावले. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. त्यांनी दगड वाहिले नाहीत, मुले सांभाळली.

निराळा प्रयत्न औसा तालुक्यातील मलकोंडजी येथे झाला. तेथे अहमदाबादच्या एका अभ्यास व कृती गटाने गावकऱ्यांबरोबर बसून आखणी केली. कोणाचे घर कोणाशेजारी असावे, जुन्या घराची लाकडे व दगड कोठे वापरावेत, या गोष्टी कुटुंबांशी बोलून ठरविण्यावर तेथे भर होता. या प्रयोगाचा अभ्यास ॲलेक्स सालाझार या अमेरिकन वास्तुविशारदाने केला असून मराठवाड्यातील पुनर्वसनावरील त्याचे लेखन आपत्तींविषयीच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात उद्धृत केले जाते. तंत्रज्ञान बाहेरून आणल्याने घर आधुनिक होते, ही समजूतच तपासून पाहण्याजोगी आहे, असा त्याच्या विवेचनाचा रोख आहे. एका गावाच्या प्रयोगावरून बावन्न गावांविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. बावन्न गावांचे वेळापत्रक आणि एका गावाची बैठक यांच्या वेगात जो फरक आहे, तोच शासनाच्या व स्वयंसेवी कार्यकर्त्याच्या वेगातला फरक होय, आणि पावसाळा तोंडावर आला असता पत्र्याच्या निवाऱ्यात राहणाऱ्याने यांपैकी कोणता वेग निवडावा हे दुसऱ्याने सांगणे कठीण आहे.

तुलनेसाठी महाराष्ट्रातच पुढे घडलेले एक उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील कोइनोनिया या ख्रिस्ती शेतवसाहतीत मिलर्ड फुलर याने सहभागी घरबांधणीची कल्पना प्रत्यक्षात आणली व १९७६ मध्ये ‘हॅबिटॅट फॉर ह्यूमॅनिटी’ ही संस्था स्थापन केली. घर फुकट द्यावयाचे नाही, घेणाऱ्या कुटुंबाने स्वतः श्रम करावयाचे व घराची किंमत नफा न आकारता हप्त्याने फेडावयाची, हा तिचा दंडक. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर या संस्थेसाठी दरवर्षी हातोडा घेऊन उभे राहत. २००६ च्या ऑक्टोबरअखेर त्यांचा हा उपक्रम लोणावळ्याजवळ माळवलीच्या परिसरात झाला. देशोदेशींचे सुमारे दोन हजार स्वयंसेवक पाच दिवसांत शंभर घरांच्या कामासाठी एकत्र आले. कार्टर यांच्या मातोश्री १९६६ ते १९६८ या काळात मुंबईत विक्रोळीस परिचारिका म्हणून सेवेत होत्या, त्यामुळे या कुटुंबाचा महाराष्ट्राशी संबंध जुनाच होता. पाच दिवसांत शंभर घरे उभी राहण्यासाठी त्यामागे कुशल कामगारांची कित्येक आठवड्यांची पूर्वतयारी लागते, हे उघड आहे. परदेशी पाहुण्याच्या विमानभाड्यात किती घरे बांधून झाली असती, हा आक्षेप अशा उपक्रमांवर नेहमी घेतला जातो. गणित म्हणून तो बिनतोड आहे. परंतु विमानभाडे न भरता तीच रक्कम त्या पाहुण्याने खरोखर पाठविली असती, असे मानावयास आधार नाही. या पद्धतीचा विशेष निराळाच आहे. घरमालकीण येथे स्वयंसेवकाच्या शेजारी उभी राहून विटा देते आणि पुढे वर्षानुवर्षे हप्ते भरते. हे घर तिला कोणी दत्तक घेऊन दिलेले नाही. किल्लारीच्या परिसरात ज्या गोष्टीची वाण होती ती हीच. येथे इर्जिकीचा दूरचा प्रतिध्वनी ऐकू येतो. फरक इतकाच, की इर्जिकीचा यजमान पुढच्या हंगामात पाहुण्याच्या शेतावर जाऊ शकतो, आणि मावळातील बाई जॉर्जियास जाऊ शकत नाही.

‘क’ वर्गातील घरांचा इतिहास या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे. आश्चर्य असे, की त्याकडे वृत्तपत्रांचे लक्ष सर्वांत कमी गेले. तेथे कमानी नव्हत्या आणि उद्घाटनेही नव्हती. सुमारे अडीच हजार गावांत विखुरलेल्या घरमालकांना स्वतःचे घर स्वतः सुरक्षित करावयाचे होते. भिंतीत भोके पाडून आरपार काँक्रीटचे बांध घालणे, दारांच्या वर चौफेर पट्टा फिरविणे, खांब व तुळईच्या सांध्यास तिरकस आधार देणे, माळवदावरील मातीचा थर कमी करणे, असे तंत्र अभियंत्यांनी सांगितले. लोकांचा त्यावर विश्वास बसेना. पुष्कळांनी मिळालेल्या रकमेतून जुन्या घराशेजारी विटा-सिमेंटची एक खोली बांधली व जुने घर तसेच ठेवले. रात्री निजावयास खोली आणि दिवसा वावरावयास जुना सोपा, अशी विभागणी त्यांनी आपल्या मनाने केली. अभियंत्यांच्या दृष्टीने हे योजनेचे अपयश होते. ज्याने पहाटेचा भूकंप पाहिला होता, त्याच्या दृष्टीने त्यात तर्क होता.

शासन आणि ही विखुरलेली घरे यांच्यामध्ये दुवा म्हणून ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेस नेमण्यात आले. प्रेमा गोपालन या तिच्या प्रमुख होत्या. या संस्थेने बाराशेंहून अधिक गावांत गावातीलच स्त्रियांना ‘संवाद साहाय्यक’ म्हणून पुढे आणले. महिला मंडळांच्या बैठका घेणे, घरमालकास योजनेची व हप्त्यांची माहिती देणे, साहित्य आले की नाही ते पाहणे, गवंडी सांगितल्याप्रमाणे पट्टा घालतो की नाही यावर लक्ष ठेवणे आणि अभियंता आला की त्यास गावाची अडचण सांगणे, असे त्यांचे काम होते. कित्येक स्त्रियांनी याआधी पुरुषांच्या बैठकीत तोंड उघडले नव्हते. आता त्यांना वाळू व सिमेंटचे प्रमाण, सळईची जाडी व भिंतीचा ओळंबा यांविषयी बोलावे लागले, आणि गवंड्याला ते ऐकून घ्यावे लागले. स्वयंसेवक या शब्दाचा अर्थ येथे उलटा झाला. तोवर स्वयंसेवक म्हणजे गावाबाहेरून येणारा व काम होताच जाणारा, असे समीकरण होते. ही स्वयंसेविका गावातच राहावयाची होती. तिने चुकीचा सल्ला दिला तर त्याच पाणवठ्यावर दुसऱ्या दिवशी तिला जाब द्यावा लागणार होता. बाहेरून आलेल्या सदिच्छेला असा जाब कधीच द्यावा लागत नाही.

अर्थात या चित्रासही दुसरी बाजू आहे. मानधन अल्प होते, काम दिवसाचे व रात्रीचेही होते, आणि शासकीय यंत्रणेने जे काम वेतन देऊन करवून घ्यावयास हवे ते स्त्रियांच्या सेवाभावावर सोडले गेले, असा आक्षेप घेता येतो. दलित वस्तीतील व उच्च मानल्या गेलेल्या जातींतील स्त्रिया एकाच मंडळात सर्वत्र सारख्या अधिकाराने बसल्या, असे समजणेही भाबडेपणाचे होईल. तरीही ‘अ’ वर्गातील आयत्या घरांच्या तुलनेत ‘क’ वर्गातील दुरुस्त घरांमागे अनुभवाचा साठा निर्माण झाला आणि तो माणसांत शिल्लक राहिला, एवढे निश्चितपणे म्हणता येते. कार्यक्रम १९९९ च्या सुमारास संपुष्टात आला. बचत गटांच्या रूपाने स्त्रियांचे हे संघटन मात्र टिकून राहिले.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. त्यानंतरच्या काळात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील या स्त्रियांपैकी काही जणी गुजरातेत गेल्या. त्यांना गुजराती येत नव्हते व कच्छी तर नव्हतेच. त्यांनी घरे बांधली नाहीत, किंवा विटाही वाहिल्या नाहीत. पडलेल्या घरांच्या अंगणात त्या तेथील स्त्रियांशेजारी बसल्या, आपल्या गावात काय चुकले व काय साधले ते सांगितले, पंचनामा कसा होतो, हप्ता कधी मिळतो, गवंड्यास कोणते प्रश्न विचारावेत आणि दाराच्या वरचा पट्टा कोठून कोठपर्यंत फिरला पाहिजे, ते हातवारे करून दाखविले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर याच स्त्रिया तमिळनाडूच्या किनाऱ्यावर गेल्या. या वेळी त्यांच्याबरोबर कच्छच्या स्त्रियाही होत्या.